डाव्या भुवईवरची खूण

"तू तूच कशावरून?"

लग्न होऊन महिना झाला होता आणि आम्ही दोघं नवराबायको भाड्याची खोली शोधत दिंडोशीच्या बाजूला एका वसाहतीत पोचलो होतो. दार उघडून घरमालक काकांनी आम्हाला विचारलेला हा पहिला प्रश्न. या नाही, बसा नाही. माझ्या नवऱ्याने त्याच्या ऑफिसातल्या एकाने दिलेली ओळखीची चिठ्ठी पुढे केली. ती त्यांनी वाचली, उलटून पाहिली आणि परत दिली. "चिठ्ठी आणणारा माणूस सज्जन आहे, असं लिहिलंय. पण तो माणूस तूच, हे कुठे लिहिलंय?"

शेवटी नवऱ्याने रेल्वेच्या पासाचं फोटोचं ओळखपत्र काढलं. काकांनी फोटो पाहिला, तोंड पाहिलं, चष्मा काढायला लावून पुन्हा तोंड पाहिलं आणि मग माझ्याकडे वळले. "आणि तुझं नाव काय?"

मी क्षणभर अडखळले. लग्नात ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने माझं नवं नाव लिहिलं होतं, आणि ते अजून माझ्या जिभेवर बसलं नव्हतं. मी ते सांगितलं खरं, पण शेजारणीचं नाव सांगावं तसं.

"सर्टिफिकेटवर काय आहे?"

"शकुंतला."

"मग शकू. दुसऱ्या नावाचा कागद आला की बघू."

सासरी सगळे मला नव्या नावाने हाक मारत. आईसुद्धा पत्राच्या मायन्यात तेच लिहायला लागली होती, जावयाला बरं वाटावं म्हणून. सगळ्या मुंबईत मला शकू म्हणणारा हा एकच माणूस निघाला आणि तोही कागदाच्या हट्टापायी. खाली उतरल्यावर नवरा म्हणाला, "यार, हा घरमालक आहे की जकात नाका?" पण खोली हवेशीर होती, म्हणून आम्ही ती घेतली. ती त्यांच्या मुलीची खोली होती. मुलगी मस्कतला एका हॉस्पिटलात नर्स होती. बायको वारून सहा वर्षं झाली होती.

वसाहतीत त्यांना सगळे पाठीमागे 'कशावरून' म्हणत. 'आज कशावरून दिसले नाहीत,' असं कोणी म्हटलं की नवख्या माणसाचा घोळ व्हायचा. त्यांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात कायम एक प्लॅस्टिकची पिशवी असे. तिच्यात पोस्टाचं ओळखपत्र, रेल्वे पासाचं ओळखपत्र, वाचनालयाचं कार्ड आणि ड्रायव्हिंग लायसन, सगळी फोटोसकट. गाडी सोडाच, त्यांच्याकडे सायकलही नव्हती. शेजाऱ्याच्या स्कूटरवर पंधरा दिवस शिकून त्यांनी परीक्षा दिली, लायसन मिळवलं आणि पुन्हा स्कूटरला हात लावला नाही. का, म्हणून मी विचारलं. "फोटोवर सरकारचा शिक्का मिळाला ना? मग स्कूटर कशाला चालवायची?"

रेशनकार्डावर फोटो नसतो ही गोष्ट त्यांना अजिबात मान्य नव्हती. एकदा त्यांनी डिंकाने स्वतःचा फोटो आतल्या पानावर चिकटवला आणि तो घेऊन दुकानात गेले. दुकानदाराने तो नखाने खरवडून काढला. "काका, साखर फोटोवर मिळत नाही. माणशी युनिटवर मिळते." तो अर्धा फाटलेला फोटो त्यांनी मला दाखवला होता. दुखावल्यासारखे दिसत होते.

आयुष्यभर ते पोस्टात रजिस्टर पत्रांच्या खिडकीत बसले. ओळखपत्र दाखवल्याशिवाय त्यांनी कोणाच्या हातात काही दिलं नाही. त्यांच्या बायकोच्या माहेरहून आलेलं पार्सल न्यायला बायको स्वतः आली, तर तिलाही त्यांनी परत पाठवलं. "मग?" मी विचारलं. "मग काय, घरी जाऊन कार्ड घेऊन आली. नंतर चार दिवस बोलली नाही, ते वेगळं." हे सांगताना त्यांना केवढा अभिमान!

ती वर्षं अशी होती की वसाहतीतल्या प्रत्येक मजल्यावरून कोणी ना कोणी आखातात निघालं होतं. गिरण्या बंद पडल्यामुळे घरी बसलेले फिटर, वेल्डर, ड्रायव्हर. सगळ्यांना पासपोर्ट हवा होता आणि सगळे त्या फॉर्मला घाबरत होते. काका रविवारी सकाळी गॅलरीत टेबल मांडून सगळ्यांचे फॉर्म फुकट भरून द्यायचे. मी टेलिफोन ऑपरेटर होते, रविवारी घरी असायची. माझं अक्षर पाहून त्यांनी मला लगेच कामाला लावलं. "शकू, तुझं अक्षर सरकारी आहे."

तेव्हाच्या पासपोर्टमध्ये एक रकाना असे, ओळखीची खूण. लोक 'हनुवटीवर तीळ' एवढं लिहून मोकळे होत. काकांना ते चालत नसे. ते माणसाला उजेडात उभं करायचे, मान इकडे वळव, तिकडे वळव, हात दाखव. कोणाच्या मनगटावर यंत्रात सापडल्याचा वण, कोणाच्या गालावर देवीचे व्रण, कोणाचं करंगळीचं पेर उडालेलं. फॉर्मवर जायची एकच ओळ, पण काका तिच्या मागची सगळी हकिगत ऐकून घेत. रांगेतले बाकीचे चुळबुळत बसायचे. कोणी म्हणालं की माझ्या अंगावर खूणच नाही, तर त्यांना राग यायचा. "असा माणूस नसतो. नीट बघितलेला नसतो, एवढंच."

मीही तसंच म्हणाले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "उजव्या कानाची पाळी फाटून परत जुळलेली आहे." मी विसरूनही गेले होते! लहानपणी मामेभावाने झोपाळ्यावरून माझं कानातलं ओढलं होतं. मग मी झोपाळा, मामाचं घर, मामीचा ओरडा, सगळं सांगत बसले. लग्न झाल्यापासून माझ्या माहेरचं असं कोणी विचारलंच नव्हतं. बोलता बोलता माझे डोळे भरून आले आणि मला स्वतःचीच लाज वाटली.

मासळीवाली कोळीण एकदा आली होती. तिचा मुलगा जहाजावर होता, त्याची रजिस्टर पत्रं घ्यायला तिला पोस्टाचं ओळखपत्र हवं होतं. पण काकांनी प्रश्न विचारायला सुरुवात केल्याबरोबर ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मना अख्खा बाजार वलखतंय. तुला कागूद कशाला?" काकांनी शांतपणे तिच्या हनुवटीवरचे गोंदणाचे तीन ठिपके मोजले. "हे कोणी काढले?" ती एकदम मऊ झाली. आईने काढून घेतले होते म्हणाली. जाताना दोन पापलेटं ठेवून गेली.

दुसरा गमतीचा रकाना जन्मतारखेचा. पाचातल्या तिघांची तारीख एक जून. गावातल्या गुरुजींनी शाळेत नाव घालताना सगळ्यांना सरसकट एक जून लावून टाकलेली. एक वेल्डर म्हणाला, "पण आई सांगते, मी नारळी पौर्णिमेचा." काका म्हणाले, "लिही शकू, एक जून." मी कुजबुजले, "काका, हे खोटं नाही का?"

"खोटं गुरुजींचं. याने फक्त वागवलंय."

आता काकांच्या स्वतःच्या खुणेबद्दल. त्यांच्या डाव्या भुवईवर आडवा पांढरा घाव होता. भुवईचे केस तिथे दोन भागांत तुटलेले. जगाच्या खुणा शोधणाऱ्या माणसाची ही खूण मला पहिल्या दिवसापासून खुणावत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाले, फणसावरून पडलो. नवऱ्याला सांगितलं, क्रिकेटचा बॉल लागला. कोळणीने विचारलं तेव्हा म्हणाले, बायकोने लाटणं मारलं. तिघांच्या तीन गोष्टी मी ताडून पाहिल्या, तेव्हा माझी उत्सुकता अशी चाळवली की विचारू नका. साध्या घावाबद्दल माणूस एवढं खोटं कशाला बोलेल? आणि तेही हा माणूस?

दसऱ्याच्या सुमाराला मस्कतहून पत्र आलं. मुलीला दिवस गेले होते आणि काहीतरी अवघड होतं. डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. जावई तीन-तीन आठवडे वाळवंटात कामावर असायचा. पत्राची शेवटची ओळ काकांनी मला स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून वाचून दाखवली. 'बाबा, आई असती तर तिला बोलावलं असतं. आता तुम्हीच या. मला एकटीला भीती वाटते.' व्हिसाची सोय जावई तिकडून करणार होता.

दुसऱ्या दिवसापासून काका वसाहतीतल्या बायकांच्या मागे लागले. अळिवाचे लाडू कसे करतात, बाळंतिणीला पहिल्या आठवड्यात काय द्यायचं, बाळाला पायावर घेऊन न्हाऊ कसं घालायचं. सगळं वहीत उतरवून घेतलं. एकदा तर मला उशी पायांवर घेऊन प्रात्यक्षिक दाखवायला लावलं. तोपर्यंत मी स्वतः कधी बाळाला न्हाऊ घातलं नव्हतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून नाही म्हणवलं नाही.

पण पासपोर्टचा फॉर्म काही भरला जाईना. पासपोर्ट हातात पडायला तीनेक महिने सहज लागायचे, आणि मुलीचे दिवस फाल्गुनात भरत होते. मी आठवण केली की काका म्हणत, बघू. दिवाळी आली आणि गेली. दुसऱ्यांचे फॉर्म भरून देत होते, आणि स्वतःचा कोरा फॉर्म पंचांगाखाली घालून ठेवलेला. मला काही उमजेना. विमानाची भीती? पैसे? पोरीवर राग? काहीच पटत नव्हतं.

शेवटी मीच त्यांना स्टेशनजवळच्या स्टुडिओत फोटो काढायला नेलं. चार दिवसांनी फोटो आणायला गेलो. काकांनी पाकीट उघडलं आणि त्यांचा चेहरा लालबुंद झाला. फोटोग्राफरने प्रेमाने, वेगळे पैसे न घेता, त्यांच्या भुवईवरचा घाव निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून नाहीसा केला होता. तेव्हाचे फोटोवाले असं सर्रास करत, मुरमं बिरमं घालवून देत.

"माझी खूण कुठाय?"

"काका, झकास दिसताय ना? दहा वर्षांनी लहान."

"माझी खूण खाल्लीस तू!" काका ओरडले. दुकानातली माणसं वळून बघायला लागली. मी कधी त्यांचा आवाज चढलेला ऐकला नव्हता. "याच्यात माझं काय राहिलं मग? हा कोण आहे? हा मी कशावरून?"

फोटोग्राफर बिचारा घाबरून पुन्हा फोटो काढायला तयार झाला. 

त्या रविवारी मी गॅलरीत कोणालाच येऊ दिलं नाही. काकांना समोर बसवलं, पंचांगाखालचा फॉर्म काढला आणि त्यांच्या शाळेच्या दाखल्यावरून सगळा भरून काढला. नाव, जन्मतारीख एक जून, उंची, डोळ्यांचा रंग. खुणेचा रकाना तेवढा मोकळा ठेवला, कारण कोणती गोष्ट खरी ते मला माहीत नव्हतं. आणि सहीसाठी त्यांच्यापुढे सरकवला. सहीच्या वर इंग्रजीत छापलेलं होतं की वरची माहिती खरी आहे. काकांनी ते तीनदा वाचलं.

"शकू, इथे मी किती लोकांना सही करायला लावली असेल."

"मग?"

"माझी होत नाही."

आणि मग खाली बघत त्यांनी सांगितलं. आधी साध्या बोलण्यात, मग हळूहळू गावच्या.

"माझा दादा माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठा. शाळेत घातला आणि त्याच वर्षी तापाने गेला. गुरुजींनी हजेरीतून त्याचं नाव कमी केलं नाही. वाडीतली शाळा, पोरं मोजकी. पट कमी झाला असता तर शाळा बंद झाली असती. पुढच्या वर्षी तपासणीला साहेब येणार होते, म्हणून मला उचलून नेऊन बसवला. पाच वर्षांचा मी. गुरुजींनी हजेरी घेतली. दादाचं नाव आलं. सगळी पोरं माझ्याकडे बघायला लागली. मी गप्प. गुरुजींनी परत नाव घेतलं. मी उभा राहून म्हटलं, 'दादा नाय. मी जनू.' गुरुजींच्या हातात रूळ होता. तो फेकून मारला."

त्यांनी भुवईवर बोट ठेवलं.

"मग त्यांनीच रक्त पुसलं. वाईट नव्हते गुरुजी. म्हणाले, 'गप रव. आजपासून तू तोच.' आणि परत नाव घेतलं. मी म्हटलं, हजर."

 गॅलरीत खालून कोणाच्या तरी भाजीच्या फोडणीचा वास येत होता.

"दाखला त्याच नावाचा, नोकरी त्याच नावाची, लग्नपत्रिका त्याच नावाची. दोन वर्षं आधी रिटायरपण झालो, वय दादाचं होतं ना." ते हसले. "आवशीन मात्र कधी त्या नावान हाक मारूक नाय. तिची जीभच उचलायची नाय. आई शेवटपर्यंत जनू म्हणायची. ती गेली आणि जनू संपला. बायकोला माहीत नव्हतं, पोरीला माहीत नाही. एवढी कार्डं काढली मी, शकू. प्रत्येक वेळी वाटायचं, या वेळी तरी खिडकीतला माणूस फोटोकडे बघून म्हणेल, हा तो नव्हे. कोणी म्हणालं नाही. आता समुद्रापलीकडे जाऊन साहेबासमोर उभं राहून सांगायचं, मी तो. आणि धरलं तर? पोरगी तिकडे खाटेवर आणि बाप तुरुंगात."

मला त्यांची फार दया आली आणि तितकाच रागही आला. राग आधी बाहेर पडला.

"काका, खोटं गुरुजींचं. तुम्ही फक्त वागवलंय. हे तुमचंच बोलणं ना? त्या वेल्डरला लावलं, ते तुम्हाला नाही लागत? तिकडे पोर एकटी पडून आहे. ती दार उघडून विचारणार आहे का, बाबा, तुम्ही तेच कशावरून? आणि माझंही नाव ताटातल्या तांदळात पुसलं. मला कुठे कोणी विचारलं होतं? पण तुम्ही शकू म्हणता तेव्हा मी ओ देतेच ना?"

काकांनी फॉर्म पुन्हा जवळ ओढला. मग त्यांनी माझ्या हातातलं पेन घेतलं. मला वाटलं सही करतात. पण त्यांनी आधी मी मोकळा सोडलेला रकाना भरला, स्वतःच्या अक्षरात, इंग्रजीत: डाव्या भुवईवर जुना घाव.

"एवढी एक ओळ माझी," म्हणाले आणि खाली दादाच्या नावाची सही केली.

मग पोलीस चौकशीला हवालदार येऊन गेला. त्याने काही विचारायच्या आत काकांनीच त्याच्याकडे त्याचं ओळखपत्र मागितलं, तेव्हा आता वाट लागली असं मला वाटलं होतं, पण तो भला माणूस हसून चहा पिऊन गेला. पासपोर्ट आला तो रजिस्टर पोस्टाने. पोस्टमन काकांच्या हाताखाली काम शिकलेला. तो म्हणाला, "काका, सही करा."

"आधी ओळखपत्र माग."

"अहो काका, तुम्हाला काय मी ओळखत नाही?"

"नाही ओळखत," काका म्हणाले. पिशवीतून पोस्टाचं कार्ड काढून त्याच्यापुढे धरलं आणि मगच पाकीट हातात घेतलं. आत जाऊन त्यांनी पासपोर्ट उघडला. नावाचं पान भराभर उलटलं आणि खुणेची ओळ मला बोटाने दाखवली. तिथे कोणा कारकुनाने सुरेख अक्षरात ती जशीच्या तशी उतरवली होती.

माघाच्या शेवटी एका सकाळी मी आणि नवरा त्यांना सहारच्या विमानतळावर सोडायला गेलो. बॅगेत अळिवाचे लाडू, डिंक, बाळाची झबली, आणि ती वही. पोचवणाऱ्यांना दारापर्यंतच सोडत. दारातल्या पोलिसाने तिकीट पाहिलं, पासपोर्ट उघडला, फोटो पाहिला, काकांचं तोंड पाहिलं.

"हे तुम्हीच ना?"

आम्ही सगळे ज्या प्रश्नाला वैतागलो होतो, तो आज त्यांना कोणीतरी विचारला होता.  काकांचे ओठ हलले, आवाज फुटला नाही.  मागची रांग पुढे ढकलायला लागली. मग त्यांनी हळूच चष्मा वर केला आणि भुवईवर बोट ठेवलं. पोलिसाने कंटाळून मान हलवली आणि पासपोर्ट परत दिला. "जा आत."

"येतो, शकू," एवढंच म्हणाले आणि चालायला लागले. पाठ थोडी वाकलेली, एका हातात बॅग, दुसऱ्या हातात पासपोर्ट घट्ट धरलेला. तिथून पुढे विमानात, उतरताना, हॉस्पिटलच्या दारात, सगळीकडे त्यांना दादाच्याच नावाने हाक मारणार होते. ते मला सहन होईना. मी कठड्यावरून वाकले आणि होता नव्हता तेवढा आवाज काढून ओरडले,

"जनूकाका!"

ते थांबले. लगेच वळले नाहीत. आवाज कुठून आला हे जणू त्यांना कळत नव्हतं. मग त्यांनी बॅग खाली ठेवली, वळले, आणि भर गर्दीत, पासपोर्ट धरलेला हात वर्गात पोरं करतात तसा सरळ वर करून म्हणाले,

"हजर!"